शनिवारचा बर्गर: खाऊ, पार्टी की नुसते जेवण?

नागपुरात कोणाचा निकाल लागला, कोणाला नोकरी लागली किंवा दारात नवी गाडी उभी राहिली, की अभिनंदनाच्या आधी पार्टीची मागणी होते. पूर्वी ही पार्टी आलुबोंडा-रस्स्यावर, फार तर मिठाईच्या दुकानात बसून खाल्लेल्या कचोरीवर आणि संत्रा बर्फीवर भागत असे. आता घरातल्या मुलांना विचारले तर बर्गर, पिझ्झा किंवा तळलेले चिकन हे उत्तर ठरलेले असते, आणि आईवडील हो म्हणताना मनातून थोडे खजील असतात. आपण मुलांचे लाड करतो आहोत की त्यांचे नुकसान, हे त्यांना नीटसे ठरवता येत नाही. याचे कारण असे की या एका शंकेत दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. हे अन्न शरीराला मानवते का, हा पहिला, आणि त्यातून कुटुंबाला काही विशेष मिळाल्याचा आनंद होतो का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. दुसऱ्याचे उत्तर बरेचसे मेंदूच्या सवयींत आणि थोडेसे आपल्या भाषेत सापडते.

भाषेपासूनच सुरुवात करू. ‘ट्रीट’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण त्याला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही, कारण आपल्याकडे त्या कल्पनेचे निरनिराळे कप्पे आहेत. खाऊ हा बाहेरून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत असतो. तो मिळण्यासाठी आधी त्या माणसाची वाट पाहावी लागते. मेजवानीसाठी पाहुणा लागतो आणि कोणाचे तरी दिवसभराचे श्रम लागतात. पार्टी देणाऱ्याकडे काहीतरी निमित्त असावे लागते, आणि चैन म्हणजे ऐपतीच्या रेषेवरून एक पाऊल पुढे टाकणे. विदर्भात याच्या जोडीला बोजारा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले सजवलेला लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात आणि त्यांच्या हातावर जे पैसे किंवा खाऊ ठेवला जातो तो बोजारा. या सगळ्या शब्दांना जोडणारा धागा एवढाच, की यांतले काहीही रोज मिळत नाही आणि काहीही एकट्याने होत नाही. पदार्थ कोणता असावा याबद्दल मात्र यांतल्या एकाही शब्दाची अट नाही. पुरणपोळी रोज केली तर ती पोळीच होईल, आणि शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे वांग्याच्या भाजीसोबत चौघांनी मिळून खाल्ले तर कणकेच्या त्या गोळ्याचीही मेजवानी होते.

मग बर्गर या कप्प्यांत शिरला कसा? तो आपोआप शिरलेला नाही. अमेरिकेत सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ साली आपले चालू हॉटेल बंद करून नव्या पद्धतीने उघडले, तेव्हा त्यांनी पदार्थांची यादी छाटली, गाडीपर्यंत जेवण नेऊन देणाऱ्या मुलींना काढून टाकले आणि स्वयंपाकघराची मांडणी कारखान्यासारखी केली. तेथे रेंगाळणाऱ्या तरुणांच्या टोळक्यांऐवजी मुलाबाळांसह येणारी कुटुंबे त्यांना हवी होती, आणि १५ सेंटच्या हॅम्बर्गरने ती मिळवून दिली. १९७९ साली मुलांसाठी खेळण्यासह मिळणारा डबा आला. भारतात ही साखळी १९९६ साली दिल्लीच्या वसंत विहारमध्ये उतरली तेव्हा तिने गोमांस आणि डुकराचे मांस पूर्णपणे वगळले, शाकाहारी पदार्थांचे स्वयंपाकघर वेगळे ठेवले आणि पुढे पावात बटाट्याची टिक्की घातली. हे केले नसते तर आजी-आजोबा त्या दारातून आत आलेच नसते, आणि आजी-आजोबांशिवायच्या जेवणाला आपल्याकडे कुटुंबाचे जेवण कोण म्हणणार? २००४ साली वीस रुपयांचे पदार्थ आले आणि चैन ऐपतीच्या रेषेच्या अलीकडे सरकली. एखादी गोष्ट स्वस्त झाली की ती अधिक लोकांच्या हाती पोहोचते हे चांगलेच, पण त्याच क्षणी तिचा विशेषपणा झिजू लागतो. या धंद्याचा पेच असा आहे की त्याला आपला पदार्थ सणासारखा दाखवायचा असतो आणि भाजीपोळीसारखा खपवायचा असतो.

माझ्या आईला आम्ही पहिल्यांदा बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, अशा एका दुकानात नेले, तो प्रसंग मला अजून जसाच्या तसा दिसतो. तिने ट्रेवरचा कागद आधी हाताने सपाट केला, बर्गरचे वेष्टन न फाडता उलगडले आणि पावाचा वरचा भाग काढून बाजूला ठेवला. मग टिक्कीचा एक तुकडा मोडला, तो सॉसला चटणीसारखा लावला, आणि पावाचा घास वेगळा घेतला, म्हणजे भाकरी आणि भाजी असा तिचा हिशेब तिने स्वतःच मांडून घेतला. आम्ही हसलो. ‘‘तुम्ही हसा बाप्पा, मला तरी कळलं काय खाल्लं ते,’’ ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही सातजण होतो, दोन स्कूटींवर आणि एका ऑटोत बसून आलो होतो, आणि दीड तास तेथेच होतो. ती निःसंशय मेजवानी होती. गेल्या वर्षी तोच बर्गर एका शनिवारी रात्री घरी मागवला, तेव्हा तो खाऊन झाल्याचेही कोणाच्या लक्षात राहिले नाही. फरक कशात पडला हे पाहण्याआधी शरीराचा हिशेब उरकून घेऊ.

शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण ८५ ते ९० कॅलरी असतात. तितक्याच वजनाच्या फ्राइजमध्ये त्या ३०० च्या आसपास जातात. यात गूढ काही नाही. तळताना बटाट्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि त्याच्या जागी तेल शिरते. पिष्टाच्या किंवा प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी मिळतात, तर तेलाच्या एका ग्रॅमला ९. मिठाचे तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. बर्गरच्या जेवणात हे मीठ फ्राइजवर दिसते तेवढेच नसते. ते पावात, टिक्कीत, चीजमध्ये आणि सॉसमध्ये विभागलेले असते, आणि पाव जिभेला खारट लागत नसल्यामुळे आपण तो धरतच नाही. तिसरा भिडू म्हणजे पेय. कोलाच्या ३०० मिलिलिटरमध्ये ३० ग्रॅमहून अधिक साखर असते. वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरे, असे याच संघटनेने २०१५ साली सांगितले. २००० कॅलरी खाणाऱ्या प्रौढासाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. मुलाची भूक लहान, म्हणून त्याची मर्यादाही लहान. सगळ्या जेवणातला एकच पदार्थ बदलायचा असेल तर बर्गरला हात लावू नये, कोला काढून पाणी घ्यावे. सर्वांत कमी दुःखात सर्वांत जास्त फायदा येथेच होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण आकड्यांपेक्षा गंभीर गोष्ट वेगळी आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मॉन्तेइरो यांनी २००९ साली अन्नाकडे पाहण्याची एक नवी रीत सुचवली. पदार्थात काय आहे यापेक्षा त्याच्यावर कारखान्यात किती प्रक्रिया झाली आहे यावर तिचा भर असून तिच्या चार गटांतला शेवटचा गट अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा, म्हणजे कोला, चिप्स यांसारख्या कारखान्यात घडवलेल्या पदार्थांचा आहे. अमेरिकेत केविन हॉल यांनी २०१९ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस प्रौढांना त्यांनी संशोधन केंद्रात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. समोर ठेवलेल्या ताटांतल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतू जुळवून घेतले होते, आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या दिवसांत तीच माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. हे अन्न मऊ असते, भराभर गिळले जाते, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचेपर्यंत ताट रिकामे झालेले असते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण आहे.

येथे नागपूरकराने स्वतःच्या कॉलरलाही हात घालायला हवा. सकाळी ठेल्यावर पाच मिनिटांत हाती पडणारे तर्री पोहे, म्हणजे हरभऱ्याचा तिखट रस्सा घातलेले पोहे, हे फास्ट फूड नाही तर काय आहे? प्लेटवर तरंगणारा तो लाल थर तेलाचाच असतो. आलुबोंडा, सांबारवडी (कोथिंबिरीची वडी), समोसा हे सगळे तळणीतूनच येतात. त्यांची बाजू एवढीच की पोहे हे पोहेच असतात आणि हरभरा हा हरभराच. घटक ओळखू येतात आणि हरभऱ्यातून प्रथिने व तंतूही मिळतात. मात्र तेलाच्या बाबतीत आपल्या ठेल्याला पुण्यवान ठरवण्याची घाई करू नये. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे वाढतात, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल तळणीला वापरता येत नाही. तळणीचे तेल काळे, दाट झालेले आणि लवकर धुरावणारे दिसले तर आपण पुढच्या ठेल्याकडे वळावे, एवढी परीक्षा आपल्याला डोळ्यांनीही करता येते. गंमत अशी, की दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी दुकाने असलेल्या साखळ्यांना पदार्थासमोर कॅलरी लिहिण्याचे बंधन २०२२ पासून आहे. त्यामुळे बर्गरचा आकडा भिंतीवर वाचायला मिळतो आणि आलुबोंड्याचा मिळत नाही. न लिहिलेला आकडा शून्य असतो असा आपला भाबडा समज त्यातून होतो.

आता आनंदाकडे येऊ. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतील डोपामिन पेशींचा, म्हणजे डोपामिन या रसायनाने संदेश देणाऱ्या पेशींचा, अभ्यास केला. माकडाला अनपेक्षितपणे फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी सळसळत. काही दिवसांनी रसाच्या आधी एक खूण दिली जाऊ लागली, आणि माकड ती शिकले. त्यानंतर पेशी खूण दिसल्यावर सळसळू लागल्या, प्रत्यक्ष रस आल्यावर मात्र शांत राहू लागल्या. खूण देऊनही रस दिला नाही तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली. याचा साधा अर्थ असा की या पेशी मिळालेल्या वस्तूची नव्हे, अपेक्षा आणि प्राप्ती यांतल्या फरकाची नोंद ठेवतात. हे माकडाचे झाले. आता स्कूटीवर पुढे उभे राहिलेले पाच वर्षांचे मूल डोळ्यांसमोर आणा. दुरून दुकानाची पाटी दिसताच ते उसळते, प्रत्यक्ष बर्गर अर्धा टाकून देते, आणि एखाद्या दिवशी आपण न थांबता पुढे गेलो तर घर येईपर्यंत भोकाड पसरते. मूल हट्टी आहे असे आपण म्हणतो, पण त्याच्या मेंदूने पाटीला खूण मानले आहे. आनंद आता पाटीत आहे, बर्गरमध्ये जेमतेम उरला आहे आणि न थांबण्यात मात्र शिक्षा आहे. दर शनिवारी ठरल्या वेळी होणारी ट्रीट थोड्याच महिन्यांत या अवस्थेला पोहोचते. तिच्यामुळे आनंद वाढत नाही, तिच्याशिवाय मात्र चुकल्यासारखे होते. आमच्या त्या शनिवारच्या बर्गरचे हेच झाले होते.

झिजलेला आनंद परत आणता येतो, ही त्यातली दिलासा देणारी बाब. जॉर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करायला सांगितले, काहींना भरपूर दिले आणि काहींना काहीच सूचना दिली नाही. आठवड्यानंतर चॉकलेटचा सर्वाधिक आनंद वर्ज्य करणाऱ्यांना झाला. चातुर्मासात कांदा-वांगे सोडणाऱ्या आपल्या आज्यांना हे ठाऊक होते असा दावा मी करणार नाही, त्यांचा हेतू वेगळा होता. पण महिन्यांनंतरच्या पहिल्या भरल्या वांग्याची चव त्यांना विचारली असती तर त्यांनी ती नक्की सांगितली असती.

या टप्प्यावर बहुतेक घरांत एक चूक होते. ट्रीट दुर्मीळ करायची म्हणून आपण तिला बक्षीस करून टाकतो: दोडक्याची भाजी संपव, मग पिझ्झा, गणितात पैकीच्या पैकी आण, मग बर्गर. लिअ‍ॅन बर्च या अमेरिकी संशोधिकेने लहान मुलांच्या खाण्यावर अनेक वर्षे काम केले. त्यांना असे आढळले की जो पदार्थ बक्षीस म्हणून दिला जातो तो मुलांना अधिक आवडू लागतो, आणि बक्षिसासाठी जो पदार्थ खावा लागतो तो अधिक नावडता होतो. मुलाच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच आहे. ज्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असली पाहिजे. पदार्थ डोळ्यांसमोर ठेवून हात लावू न देण्यानेही त्याची ओढ वाढते, असे त्यांच्या आणखी एका अभ्यासात दिसले. तेव्हा घरातल्या फडताळात वरच्या फळीवर लपवलेली चिप्सची पाकिटे ही सर्वांत वाईट तडजोड समजावी. वस्तू घरातच नसणे आणि ठरवून, कोणत्याही सौद्याशिवाय, बाहेर जाऊन खाणे हे त्यापेक्षा सोपे जाते.

या सगळ्या चर्चेत एका माणसाची गोष्ट कोणी काढत नाही, ती म्हणजे रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईची. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा संध्याकाळी गॅससमोर उभे राहून पोळ्या लाटणे म्हणजे काय असते, हे पोळ्या लाटणारीलाच विचारावे. त्या दिवशी बाहेरून जेवण आले तर ट्रीट मुलांची नसते, तिची असते. आणि ती बर्गरमध्ये नसून न लाटलेल्या पोळ्यांत असते. हे मान्य केले की मार्गही दिसतात. तिला सुट्टी हवी असेल तर ती शेजारच्या खानावळीच्या वरणभाताने मिळेल, घरातल्या इतरांनी शिजवलेल्या खिचडीनेही मिळेल. तिच्या थकव्यावर उपाय म्हणून बर्गर मागवायचा आणि त्याला मुलांचा लाड म्हणायचे, यात दोन्ही बाजूंनी फसवणूक होते. अशा रात्रीच्या बर्गरला सरळ जेवण म्हणावे आणि जेवणाच्याच मापाने मोजावे: यात भाजी किती, डाळ किती, मीठ किती. त्या परीक्षेत तो बहुधा काठावरही उत्तीर्ण होत नाही.

ऑनलाइन मागवण्याच्या अ‍ॅपने हा गोंधळ वाढवला आहे. वाट पाहणे गेले, रस्ता गेला, काय घ्यायचे यावर रांगेत होणारी भांडणे गेली, एका फ्राइजच्या पाकिटावर पडणारे सहा हातही गेले. उरली ती दारात येणारी, किंचित ओलसर झालेली पिशवी. पदार्थ तोच असताना त्याभोवतीचे सगळे काढून घेतले तर हाती कॅलरी तेवढ्या राहतात. आठवड्यातून दुपार-रात्र मिळून चौदा जेवणे होतात. दर शनिवारचा बर्गर म्हणजे चौदांत एक. महिन्यातून एकदाचा म्हणजे साठांत एक. साठांत एक असेल, तिथे उठून जायचे असेल आणि घरातले सगळे असतील, तर निरोगी मुलाच्या बाबतीत मी त्याला बिनदिक्कत पार्टी म्हणेन आणि कॅलरीच्या पाटीकडे त्या दिवशी पाठ करून बसेन. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठी मात्र तेथेही पेय आणि मिठाचा हिशेब सुटत नाही.

गेल्या तान्ह्या पोळ्याला माझा सात वर्षांचा पुतण्या आपला लाकडी नंदी घेऊन गल्लीभर फिरला आणि रात्री पलंगावर नोटा-नाणी पसरून त्याने बोजारा मोजला. त्याला बर्गर, फ्राइज आणि कोला असे पूर्ण जेवण हवे होते, पण पैसे तेवढे भरत नव्हते, आणि वर घालायला त्याच्या वडिलांनी नकार दिला. दुसऱ्या दिवशी तो गल्लीतल्या तीन मित्रांना घेऊन माझ्यासोबत बर्डीवर आला आणि त्या पैशांत त्याने फ्राइजचे एक मोठे पाकीट घेतले. ट्रेवरच्या कागदावर त्याने फ्राइज ओतल्या, लहान-मोठ्या पाहून चार ओळी लावल्या, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि प्रत्येक ओळीतून एकेक काढून पाचवी ओळ केली.